वनिताताई आणि तहानलेला कोळसा

आईशप्पथ, यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे! म्हणजे, बरंचसं. महाडच्या एमआयडीसीत वीस वर्षं लॅबमध्ये काढली, की किस्से इतके साचतात की कुठला घडला आणि कुठला मी डबा खाताना घडवला, हे माझं मलाच कळत नाही.

आमचं काम गॅस गाळायच्या कोळशाचं. चिमूटभर कोळशातल्या बारीक भोकांच्या भिंती उलगडल्या तर मैदान भरेल! ते क्षेत्रफळ भोकांत नायट्रोजन वायू भरून मोजायचं. पण त्याआधी भोकांतलं पाणी नि हवा तापवून, व्हॅक्यूमने ओढून काढायची. हे डीगॅसिंग. त्यात पोलादपूरच्या वनिताताईंपुढे कुणाचं चालत नाही.

*

पुण्याहून नवे मॅनेजर आले, भर जुलैत. "पावडर कोरडी तर दिसतेय. लावा मशीनला!"

ताईंनी डीगॅस केलेला कोळसा उघडाच काट्यावर ठेवला. कुणी हात न लावता आकडा चढायला लागला!

"बघा साहेब, तुमच्यासमोर पाणी पितोय. दिसण्यावर जाऊ नका."

मी शेजारचा माझा चहा उचलून घेतला. न जाणो!

*

एकदा डीगॅसिंगनंतर कोळशाच्या काचेच्या ट्यूबचं वजन घटायच्या ऐवजी वाढलं. सगळे मशीनला शिव्या देतायत. ताईंनी ट्यूब नाकाशी नेली.

"वडापावचा हात कुणी लावला रे?"

मी खिडकीतून डोंगर बघत होतो.

*

एक नाजूक पावडर आली. साहेबांनी घाईत तापमान दुप्पट केलं. भोकं आतल्या आत ढासळली, क्षेत्रफळ निम्मं!

"आता रिपोर्टमध्ये काय लिहायचं?" मी विचारलं.

"लिहा की," ताई म्हणाल्या, "साहेबांनी भाजली."

*

मग तो ट्रक. बिरवाडीजवळच्या एका कारखान्यातल्या कामगारांच्या, विषारी वायू गाळणाऱ्या मास्कसाठी कोळसा जायचा होता. ताईंचा नवरा तिथेच रिॲक्टरवर कामाला. आणि नेमकं त्या बॅचचं क्षेत्रफळ कमी भरलं!

साहेब हळूच म्हणाले, "डीगॅसिंगमध्ये वजन घटतंच ना? अजून थोडं घटलं असं लिहा. वजन कमी, की ग्रॅममागे क्षेत्रफळ जास्त. बॅच पास!"

"नाय लिहिणार."

"नोकरी जाईल, मॅडम."

"जाऊ दे. डोंगरात नाचणी हाय माझी!"

साहेबांनी सहीसाठी पेन पुढे केलं. ताईंनी त्याच कोळशाने एक मास्क भरला आणि त्यांच्या हातात दिला. "हा लावून रिॲक्टरपाशी पाच मिनिटं उभे राहा. बाहेर आलात, की करते सही!"

साहेबांनी मास्क उलटासुलटा करून पाहिला. ट्रक रिकामा गेला.

बरं, कबूल. मास्क मी रचला. ताईंनी नुसतं ते पेन साहेबांच्या खिशाला परत लावलं आणि म्हणाल्या, "तुम्हीच करा सही."

ते पेन काही खिशातून निघालं नाही.