सिस्टेमेतने खाल्लेली जागा

तालसेलेत त्या हिवाळ्यात एक गोष्ट कानोकानी फिरत होती: राकेल नॉर्डलुंड पिते. थोडीथोडकी नाही, चांगली पिते, आणि तिला ते सुटत नाही.

हेच दुसऱ्या कुणाबद्दल ऐकलं असतं तर गावाने कॉफीचा घोट घ्यायचंही थांबवलं नसतं. नदीकाठच्या या गावात पिणारे आहेत, प्यायचे थांबलेले आहेत, आणि थांबलो असं सांगत फिरणारे तर पुष्कळच आहेत. पण राकेल निर्व्यसनी मंडळाची अध्यक्ष होती. तिचे वडील नदीतून लाकडाचे ओंडके वाहून नेणाऱ्यांपैकी. एका वसंतात ते दारूच्या नशेत पाण्यात पडले, कसेबसे बाहेर आले आणि ओल्या कपड्यांनीच मंडळाच्या सभागृहात जाऊन शपथ घेऊन बसले. खुर्चीखाली पाण्याचं तळं साचलं होतं, असं राकेल सांगते. ते तळं दरवर्षी जरा जरा मोठं होतं. शपथेनंतर त्यांनी बर्चच्या लाकडाची एक हातोडी घडवली, अध्यक्षाने टेबलावर आपटण्यासाठी. ती आता राकेलच्या हाती होती, आणि ती आपटायची तिची पद्धत अशी की मागच्या रांगेत डुलकी घेणारा माणूस उठून ठरावाला अनुमोदन देई.

नम्रता काही तिच्या वाट्याला आली नव्हती. आमच्याकडे आपण केलेल्या कामाबद्दल ‘झालं एकदाचं’ असं म्हणायची रीत आहे. राकेल सरळ ‘मी केलं’ म्हणते. लोकांना ते टोचतं, पण खोटं म्हणता येत नाही. चाळीस वर्षं तिने शाळेची बस चालवली. बर्फात रस्ता कुठला आणि शेत कुठलं ते कळेनासं झालं तरी बस आली नाही असं झालं नाही. मंडळाचं लाल लाकडी सभागृह विकायला निघालं होतं, शहरातल्या एकाला तिथे शिकाऱ्यांसाठी खाणावळ काढायची होती, बारसकट. राकेलने गाव गोळा केलं, छप्पर बदलून घेतलं, भिंती रंगवल्या. स्वतः शिडीवर चढली. बाई पडणार, असं सगळे म्हणत होते. ती पडली नाही. शिडी धरून उभा असलेला व्हर्नर तेवढा पडला.

त्या सभागृहाला येत्या उन्हाळ्यात शंभर वर्षं होणार होती. सोहळ्याच्या दिवशी वडिलांची हातोडी आपल्या हाताने आपटायची, ही एक गोष्ट राकेलने मनाशी धरून ठेवली होती. त्यासाठी फेब्रुवारीतल्या वार्षिक सभेत पुन्हा अध्यक्ष म्हणून निवडून येणं भाग होतं. त्याची काळजी तिने केली नव्हती. तिच्याशिवाय दुसरं नाव निघणार तरी कुणाचं?

इथे गोष्टीत फोन येतो. शरदात मंडळातल्या बहुतेकांनी मिळून एकाच बनावटीचे फोन घेतले होते. कल्पना अर्थातच राकेलची. एकाला कळलं की सगळ्यांना कळेल, असं तिचं म्हणणं. नोव्हेंबर उजाडला आणि तिचा फोन कुरकुरायला लागला. जागा संपली, फोटो निघणार नाही. बघितलं तर फोनमधली सिस्टिमच निम्म्याहून जास्त जागा अडवून बसलेली.

आता दारू विकण्याचा हक्क आमच्या देशात एकट्या सरकारी दुकानाला आहे, आणि त्या दुकानाला झाडून सगळे ‘सिस्टेमेत’ म्हणतात. फोनमधल्या सिस्टिमबद्दल बोलायचं झालं तरी तोंडात हाच शब्द येतो. त्यातलं कुठलं सिस्टेमेत ते ज्याने त्याने समजून घ्यायचं.

राकेल सभागृहाच्या स्वयंपाकघरात कॉफी ठेवून मुलीशी, एलिनोरशी, फोनवर बोलत होती. बाहेर कोटांच्या खोलीत मंडळाचा चिटणीस व्हर्नर बुटांच्या नाड्या सोडत होता. नाड्या सोडायला त्या दिवशी त्याला फार वेळ लागला.

“काय सांगू तुला,” राकेल म्हणत होती, “निम्म्याहून जास्त सिस्टेमेतनेच खाल्लंय. हो गं, कमी करून पाहिलं. दोन दिवस बरं जातं, मग परत तेवढंच. उलट वाढतंच.”

थोडं थांबून ती म्हणाली, “नातवंडांनासुद्धा जागा उरली नाही आता. परवा काढून टाकलं मी त्यांना. रडू आलं मला, खोटं नाही सांगत.”

आणि मग, जरा करड्या आवाजात: “नाही, कुणाची मदत नको. गावात तर कुणाला बोलायचंच नाही. सगळ्यांना फोन घ्यायला मीच लावलं ना. माझं मी बघेन.”

फोनचा शब्द निघेपर्यंत व्हर्नर एक बूट हातात घेऊन बाहेरच्या बर्फात पोचला होता. तो वाईट माणूस नव्हे. त्याने ही गोष्ट फक्त एकाला सांगितली, आणि तीही निव्वळ काळजीपोटी. त्या एकानेही काळजीपोटीच पुढे सांगितली. तालसेलेत काळजी करणारी माणसं फार आहेत. आठवडाभरात सगळं गाव काळजीने भरून गेलं.

तोंडावर मात्र कुणी अक्षर काढलं नाही, तशी आमच्याकडे पद्धतच नाही. राकेलला पहिल्यांदा काहीतरी बिनसल्याचं जाणवलं ते बिस्किटांच्या ताटावरून. मंडळाच्या कॉफीला नेहमी एक हिरवा रोल असतो. बदामाच्या पिठाचं हिरवं आवरण, दोन्ही टोकं चॉकलेटात बुडवलेली, आत पुंशच्या मद्याचा थेंब. हा थेंब नुसता वासापुरता आहे, असं मंडळाने कधीचंच ठरवून टाकलेलं. राकेलचा तो अगदी जीव की प्राण. त्या दिवशी ताट तिच्यापर्यंत आलं तेव्हा सगळं होतं, फक्त हिरवे रोल नव्हते. पुढच्या वेळी ताट व्हर्नरच्या टेबलावर असताना तिने दोन रोल स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. ताट तिच्याकडे येईस्तोवर ते नाहीसे झाले होते आणि व्हर्नर खिडकीबाहेर बघत काहीतरी चघळत होता.

नाताळच्या आधी तिने नेहमीसारखं काळ्या बेदाण्यांचं गरम सरबत केलं. लोकांनी पेले घेतले, पण ओठाला लावायच्या आधी नाकाला लावले. एकाने नाही, जवळजवळ सगळ्यांनी.

“सर्दी झालीय का रे सगळ्यांना?” राकेलने विचारलं.

“मसाला छान आहे,” व्हर्नर म्हणाला, “वास बघत होतो.”

एवढंही तिने गिळलं असतं. पण निघताना ती गाडीची किल्ली काढायला लागली, तर व्हर्नर दारात आडवा उभा.

“मी सोडतो तुला.”

“कुठे?”

“घरी. रस्ता निसरडा आहे.”

“व्हर्नर, तुझी तिन्ही पोरं शाळेत कुणी नेली रे?”

“तू.”

“कुठल्या रस्त्याने?”

“याच.”

“मग बाजूला हो.”

तो बाजूला झाला, पण सबंध वाटभर तिच्या मागे गाडी हळूहळू चालवत आला, दिवे बारीक करून. राकेलने आरशात ते पाहिलं. जन्मात तिच्या गाडी चालवण्यावर कुणी शंका घेतली नव्हती. घरी येऊन ती कोट न काढताच बसून राहिली.

सभेच्या आदल्या दुपारी सिगब्रित आली. सिगब्रित तिची लहानपणापासूनची मैत्रीण, आणि मंडळाच्या निवड समितीची प्रमुख. ती कॉफी न घेता बसली, यावरूनच राकेलने ओळखलं की प्रकरण गंभीर आहे.

“समितीने व्हर्नरचं नाव सुचवायचं ठरवलंय,” सिगब्रित टेबलाकडे बघत म्हणाली.

“अध्यक्षपदासाठी? ज्याला शिडी धरता येत नाही त्याचं?”

“तुला जरा विश्रांती मिळावी म्हणून.”

“मी मागितली?”

सिगब्रितने मोठा श्वास घेतला. “राकेल, आम्हाला कळलंय गं. सिस्टेमेतचं. तू एलिनोरशी बोलत होतीस ते ऐकलं कुणीतरी. निम्म्याहून जास्त त्यातच जातं म्हणे. नातवंडांनासुद्धा तू...” तिने रुमाल काढून नाक पुसलं. “आम्ही सगळे तुझ्या पाठीशी आहोत. लपवू नकोस.”

राकेल तिच्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर आधी काहीच नव्हतं, मग हसू येऊ पाहत होतं, मग तेही गेलं.

एका वाक्यात सगळं मिटलं असतं. फोन तिथेच टेबलावर, साखरेच्या भांड्याशेजारी पडला होता. तो उघडून दाखवायचा, बस्स. तिचा हात तिकडे गेलाही. पण तो साखरेच्या भांड्यावर थांबला.

“तुला खरं वाटलं ते?” तिने विचारलं.

“मला...” सिगब्रित म्हणाली, “सगळेच म्हणत होते.”

“मी तुला विचारतेय.”

सिगब्रित टेबलावरचे नसलेले कण बोटाने गोळा करू लागली.

“मग उद्या सभेत भेटू,” राकेल म्हणाली. “कॉफी घे, गार होतेय.”

रात्री एलिनोरने फोनवर डोकं बडवून घेतलं. “आई, अगं सांगून टाक ना. फोनमधलं सिस्टेमेत, एवढंच तर सांगायचंय.”

“चाळीस वर्षं यांची पोरं माझ्या हवाली होती,” राकेल म्हणाली. “मी शुद्धीवर आहे याचा पुरावा आता मी द्यायचा? हातोडी गेली तर जाऊ दे. पुरावा देणार नाही.”

असं म्हणाली खरी, पण नंतर हातोडी कपाटातून काढून तिने तेल लावून पुसली. उद्या दुसऱ्याच्या हातात गेली तरी चकचकीत जावी.

सभेला सभागृह भरलं. एरवी वार्षिक सभेला येत नाहीत असेही आले होते, काळजीपोटी. नवा अध्यक्ष निवडून येईपर्यंत सभा जुन्यानेच चालवायची, असा नियम. म्हणून राकेल आपल्या जागी ताठ बसली होती, निळा अंगरखा आणि मंडळाचं पदक घालून. शेजारी चिटणीस व्हर्नर. त्याचा हात हल्ली थरथरतो, त्यामुळे तो इतिवृत्त लिहून घेत नाही. फोन टेबलावर ठेवून सगळं बोलणं त्यात भरून घेतो आणि घरी निवांत उतरवतो. राकेलच्या फोनसारखाच फोन. एकाला कळलं की सगळ्यांना कळेल.

अहवाल झाला, छपराचं झालं, सोहळ्याला बँड कुठला बोलवायचा त्यावर नेहमीसारखं भांडण झालं.

“पुढचा विषय,” राकेल म्हणाली, आवाज जराही न हलवता, “अध्यक्षाची निवड. समितीचं म्हणणं काय?”

सिगब्रित उठली. हातातला कागद तिने दोनदा सरळ केला. तेवढ्यात व्हर्नरचा फोन कोकलला.

“थांबा, थांबा,” व्हर्नर म्हणाला. “हे बंद पडलं. निवड नोंदवल्याशिवाय कशी करायची?” त्याने चष्मा कपाळावरून नाकावर आणला, पडद्यावर बोटं आपटली आणि सभेत त्याचा जो खणखणीत आवाज असतो त्या आवाजात वाचू लागला. “जागा संपली म्हणतंय. कुणी खाल्ली? हे काय... निम्म्याहून जास्त सिस्टेमेतनेच खाल्लंय.”

पडद्यावर नुसतं ‘सिस्टेम’ होतं. शेवटचं शेपूट त्याने सवयीने लावलं.

सगळ्या रांगा पुढे वाकल्या. राकेल खुर्चीतल्या खुर्चीत त्याच्याकडे वळली. तिने त्याच्या मनगटावर हात ठेवला आणि फार मायेने, पण शेवटच्या रांगेपर्यंत जाईल अशा आवाजात विचारलं,

“कधीपासून रे, व्हर्नर?”

“काय कधीपासून?”

“लपवू नकोस. आम्ही सगळे तुझ्या पाठीशी आहोत.”

“अगं, मी नाही, हे फोनमधलं सिस्टे...” आणि व्हर्नर तिथेच थांबला. त्याचे कान आधी लाल झाले, मग मान.

“कमी करून पाहिलंस?” राकेल म्हणाली. “दोन दिवस बरं जातं. मग परत तेवढंच. नातवंडांचे फोटो काढून टाकावे लागतात. रडू येतं.”

पहिली हसली ती सिगब्रित. हसता हसता ती रडायलाच लागली, आणि तिच्या मागे एकेक रांग पेटत गेली. कुणीतरी आपला फोन काढून पाहिला आणि म्हणालं, “माझ्याही सिस्टेमेतने खाल्लंय की.” मग दुसरा, मग तिसरी. अर्धं निर्व्यसनी मंडळ सिस्टेमेतच्या नादी लागलेलं निघालं.

राकेल एकटी हसली नाही. तिने हातोडी उचलली आणि आपटली. सगळे गप्प.

“निवडीचा विषय चालू आहे,” ती म्हणाली. “समितीचं म्हणणं काय?”

सिगब्रितने हातातला कागद चुरगळून खिशात घातला. “समिती राकेल नॉर्डलुंडचं नाव सुचवते.”

“माझं अनुमोदन,” व्हर्नर म्हणाला. “आणि राकेल, मला म्हणायचंय की...”

“माफी इतिवृत्तात नको,” राकेल म्हणाली. “तुझा फोन तसाही भरलाय. आधी हिरव्या रोलांचं ताट आण.”

व्हर्नर उठला आणि गेला. ताट आलं तेव्हा त्यावर हिरव्याशिवाय दुसरं काही नव्हतं. राकेलने एक घेतला, दोन्ही टोकं आधी खाल्ली, मग मधला भाग, आणि सगळं सभागृह ती संपवेपर्यंत थांबलं. बोटं पुसून तिने हातोडी आपटली. ठराव मंजूर.

घरी जाताना तिने आरशात पाहिलं. मागे कुणी नव्हतं. उन्हाळ्यात शंभरी झाली, बँड बेसूर वाजला, हातोडी तिनेच आपटली, आणि “हे सभागृह मी वाचवलं” असं भाषणात म्हणाली. त्या दिवशी कुणाला टोचलं नाही. व्हर्नरने तर टाळ्यांना सुरुवात केली.

राकेलच्या फोनमध्ये एक अपडेट अर्धवट उतरून अडकलं होतं आणि सिस्टिमच्या फायलींनी निम्म्याहून जास्त जागा घेतली होती. शहरातल्या फोनच्या दुकानात ते पुसून पुन्हा भरून दिलं. दारू ती कधीच प्यायली नव्हती.