पायाने काढलेला ळ

फिजिओथेरपीच्या खोलीत माझा पाय टेबलाबाहेर लोंबत होता आणि मी अंगठ्याने हवेत अक्षरं लिहीत होते. घोटा सर्व बाजूंनी फिरावा म्हणून हा व्यायाम. आधी मी ए-बी-सी-डी काढली, कारण शाळेपासून हातालाही तीच सवय. व्यायाम करवून घेणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "इंग्रजीत सगळ्या सरळ काड्या आहेत. मराठी काढ. मराठीत पाय जास्त वळते."

खरंच वळतो. क काढताना टाच एकीकडे आणि बोटं दुसरीकडे जातात. ठ हा नुसता एक गोल, पण तो मध्येच तुटायचा, जणू घोट्यात एक कोपरा होता. मला हे फार आवडलं. तोपर्यंत मी घोट्याला एक सांधा समजत होते. आता कळत होतं की तिथे बरंच काही आहे, आणि प्रत्येक अक्षराला त्यातलं वेगळं काहीतरी हलतं.

गडचिरोलीतल्या आमच्या कथकच्या वर्गात, तालमीच्या वेळी चक्कर, म्हणजे गिरकी, घेताना माझा डावा पाय आत मुडपला होता. घोट्याच्या बाहेरच्या बाजूचे तंतू ताणले गेले. सूज उतरायला वेळ लागला आणि उतरल्यावर मला वाटलं, झालं. मॅडमनी मला डोळे मिटून त्या पायावर उभं केलं, तर मी लगेच भिंत धरली. "तंतू जुळले," त्या म्हणाल्या, "पण पायाले अजून आपली जागा समजून नाई राह्यली. डोळे मिटले की त्याले माहीत नसते तो कुठी आहे." तेव्हापासून मी घरी दात घासताना एका पायावर उभी राहून डोळे मिटायचे आणि पाय स्वतःला कसा शोधतो ते पाहायचे. बोटं जमिनीला चिमटे काढत असतात. आपल्याला न विचारता.

पुढे चंद्रपूरला आमच्या वर्गाचा कार्यक्रम होता. त्यातले शेवटचे चक्कर ताईंनी, म्हणजे आमच्या नाच शिकवणाऱ्या बाईंनी, मला दिले होते. एकटीला, मध्यभागी. मी वर्गात फारशी बोलत नाही. कोणी विचारलं तर एका शब्दात उत्तर देते. नाचताना कोणी काही विचारत नाही, म्हणून मला ती जागा हवी होती. मॅडमनी अट घातली होती : न दुखता सगळी मुळाक्षरं काढलीस, तर चक्करला हो म्हणेन.

त्या दिवशी मी अ पासून ज्ञ पर्यंत पोचले आणि वर पाहिलं.

"सुटलं एक," मॅडम म्हणाल्या.

"कुठलं?"

"ह नंतर काय काढलं?"

"क्ष."

"अन् ळ?" पण त्यांच्या तोंडून ते ल असं आलं. त्या मुलचेऱ्याकडच्या, बंगाली निर्वासितांनी वसवलेल्या गावातल्या. मराठी इथल्यासारखी बोलतात, पण ळ मात्र त्यांच्या जिभेवर बसत नाही; इथे लिहिताना मीच तो घालते.

मला आधी काही कळेचना. "ल तर काढला. र नंतर."

"तो नाई वो. दुसरा ल. केळ्यातला."

भिंतीवरचं मोठं चाक हाताने फिरवत एक म्हातारी बाई उभी होती. नागभीडकडून लेकीकडे आलेली. रोवणा करून करून, म्हणजे धानाची रोपं लावून लावून, तिचा खांदा धरला होता. ती म्हणाली, "इंग्लिश मीडियमची हाय न ते. तिले येत नसन."

"येतं मला," मी म्हणाले.

"मंग काढ न. आमी तं केराच म्हणतो, आमाले लागतच नाई तुमचं ते अक्षर."

तिच्या बोलीत ळ चा र होतो. त्या खोलीत ळ म्हणणारी मी एकटी, आणि तोच मी सोडला होता. मुद्दाम नाही. मनात मी ह, ळ, क्ष असंच म्हणत गेले होते. पायाने मला न सांगता ते अक्षर गाळलं होतं का? की मीच त्याला गाळू दिलं? आजही मला नक्की सांगता येत नाही.

मी ळ काढला. पहिला गोल बरा गेला. दुसऱ्या गोलाला पाय आत वळला आणि घोट्याच्या बाहेरून कळ थेट पोटरीत गेली.

मॅडम माझ्या तोंडाकडे पाहत होत्या. "ठीक आहे?"

"हो."

"हसून काऊन राह्यली वो पोरी?" बाईने चाक थांबवलं. "डोऱ्यात पानी अन् तोंडावर हसू. असा कोनता आजार असते?"

नाचात काहीही झालं तरी चेहरा हसरा ठेवायचा, हे आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवतात. तो मी ठेवला नव्हता, तो आपोआप आला होता.

मॅडम म्हणाल्या, "मी रोज तुझ्या चेहऱ्यावरूनच व्यायाम वाढवून राह्यली. बाकीचे पेशंट बोलत नाईत, पण त्यांचं तोंड बोलते. तुझं तर तेही फसवते. तोंडानं सांग. दुखते?"

"दुखतं."

"कधीपासून?"

"पहिल्यापासूनच. पाय आत वळला की."

त्यांनी पायाने ओढायचा रबरी पट्टा बदलून हलका आणला. चक्करचंही आता मीच तोंडाने सांगायचं होतं.

बाहेरच्या व्हरांड्यातून मी ताईंना फोन केला. एरवी मी मेसेज करते. "ताई, चक्कर मला जमणार नाहीत. अजून दुखतंय."

ताई म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंस. ते दुसरीला देते. तू पढंत कर." पढंत म्हणजे तबल्याशेजारी बसून हाताने ताल देत नाचाचे बोल म्हणणं.

"माईकवर?"

"नाही, कानात. अगं, माईकवरच!"

मग पट्टा ओढता ओढता मी बोल पाठ करू लागले. 'तिगधा दिगदिग थेई' जोरात निघालं की बाई चाक थांबवायची. "कोनाले शिव्या देऊन राह्यली वो?" मॅडम हसायच्या आणि म्हणायच्या, देऊ द्या बाई, श्वास मोकळा होते.

चंद्रपूरला मी मंचाच्या कडेला मांडी घालून बसले. पहिला बोल माईकमधून इतका मोठा आला की मीच दचकले. मध्यभागी दुसरी मुलगी होती. मी बोल टाकला की ती फिरायची. शेवटच्या थेईच्या आधी माझा श्वास संपत आला होता, आणि ती टाचेवर, हात उघडून, माझ्या थेईची वाट पाहत फिरत होती. मी थेई म्हटलं. ती थांबली.