खाकरायचं राहिलं

अस्वलं मारायची परवानगी मागणारा कागद ग्रामसभेत फिरत सखूबाईंपाशी आला. मागच्या उन्हाळ्यात मोहफुलं वेचताना अस्वलानं त्यांचा अर्धा चेहरा ओरबाडून नेला होता. त्या नक्की अंगठा देणार, असंच सगळ्यांनी धरलं होतं. त्यांनी पदर सारून उरलेल्या डोळ्यानं कागदाकडे पाहिलं आणि तो परत केला.

"चूक माही होती," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी मी खाकरली नाई."

आमच्याकडे मोहाखाली जाताना लांबूनच खाकरतात, सासरा घरात शिरताना खाकरतो तसं. झाडाखाली अस्वल असलं तर ते बाजूला होतं. ही रीत माणसाला आणि अस्वलाला कुणी शिकवली, कोण जाणे. त्याच फुलांवर दोघांचं पोट, म्हणून ती पडली असावी.

सखूबाईंच्या मागे एकाही बाईनं अंगठा दिला नाही. तरी वरून परवानगी आलीच.

परवा पहाटे मी मोहाकडे निघालो. सवयीनं खाकरणार, तोच मचाणावरच्या बंदूकवाल्यानं ओठांवर बोट ठेवलं. झाडाखाली काहीतरी काळं फुलं खात होतं.

मी खाकरलो नाही.