चेक म्हणजे फक्त पाहणं

सातवा महिना संपता संपता मी बाळंतपणाला गोंदियाजवळ फुलचूरला बाबांकडे आले, तेव्हा सोबत दोन पिशव्या कपडे आणि कंपनीचा लॅपटॉप होता. दोन हजार दहाच्या आसपासची गोष्ट. नागपूरची आमची कंपनी दवाखान्यात खाटेशेजारी ठेवायचं यंत्र बनवायची, नाडी आणि ऑक्सिजन मोजणारं. त्याच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा जो गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, त्यातला आमचा भाग आम्ही चौघे लिहायचो. चौघांत बाई मी एकटी. रजा लागेपर्यंत घरून काम कर म्हणाले, म्हणून तो लॅपटॉप.

काम असं, की दुसऱ्यानं लिहिलेला कोड वाचायचा आणि पटला तर त्याखाली 'तपासला' असं लिहून स्वतःचं पूर्ण नाव टाकायचं. ती ओळ असल्याशिवाय कोड पुढे जायचा नाही. नियम चांगलाच होता, पण पाळायची वेळ आली की सगळ्यांच्या जिवावर यायचं.

त्या आठवड्यात खुद्द आमच्या सरांचा कोड माझ्याकडे आला. सेन्सर मोजलेले आकडे एका छोट्या साठ्यात टाकतो, त्याला बफर म्हणतात. बाकीचे प्रोग्राम तिथून आकडे उचलतात. सरांनी एक फंक्शन, म्हणजे एका कामापुरता कोडचा तुकडा, लिहून त्याचं नाव ठेवलं होतं 'चेक बफर'. नावावरून वाटावं, आत काही आलंय का एवढंच पाहत असेल. वाचलं तर ते पाहत होतं, आणि आतला आकडा काढूनही घेत होतं. म्हणजे कुणी आधी नुसतं पाहायला म्हणून ते वापरलं, की एक आकडा गेलाच, आणि गेल्याचं कुणाला कळणारही नाही. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.

मी लिहिलं, ही दोन कामं आहेत, दोन फंक्शन करा. एक फक्त पाहणारं. दुसरं काढून घेणारं, आणि ते घेतं हे त्याच्या नावातच दिसू द्या.

तासाभरात सरांचा फोन. "अगं, कोड चालतोय ना? मग नावावरून एवढं कशाला? आपल्या टीममध्ये सगळ्यांना माहीत आहे ते काय करतं."

"उद्या पाचवा आला तर, सर?"

"त्याला सांगू की. हे बघ, शुक्रवारी हे जायचंय. तू नाव टाकून दे. नाहीतर मला वाटेल, या दिवसांत तुला हे झेपत नाहीये. परत आलीस की टेस्टिंगला बसवतो, तिथे जरा आराम पडेल."

आराम म्हणे! कर्नलच्या कामात शिरायला मला सहा वर्षं लागली होती. आणि आता ते सगळं एका ओळीवर आलं होतं. मान हलवली तर माझी जागा राहणार, नाही हलवली तर जाणार. मी काय नंदीबैल आहे?

बाबा खाटेवर बसून ऐकत होते. ते अर्जुनी मोरगावकडचे, नोकरीभर पाणकर. तलावाचं दार उघडून कुणाच्या धानाच्या बांधीत किती पाणी सोडायचं, ते पाहणारा माणूस. "काऊन फणफणून राह्यली वो माय?" त्यांनी विचारलं. मी जमेल तसं समजावलं.

"म्हंजे दार पाहाले गेला, अन् पाणी सोडून आला?"

"तसंच."

"एका साली साहेब मले म्हणे, दार बंद हाय असं लिहून दे. मी म्हणलं, पाहून येतो, मंग देतो. दोन कोस होतं. तेवढ्यावरून त्यानं मले चार महिने कामावर घेतलं नाही."

"मग?"

"मंग काय? दार उघडंच होतं."

आमच्या घरात नाव ही छोटी गोष्ट कधीच नव्हती. आज्याचं नाव मालगुजारानं, गावच्या जमीनदारानं, ठेवलेलं. ते इथं लिहीत नाही, कागद कशाला घाण करा. छप्पन साली दीक्षा घेतली आणि आज्यानं स्वतःचं, बायकोचं, पोरांचं, सगळ्यांची नावं बदलली, आडनावासकट. लग्नानंतरही मी तेच आडनाव ठेवलं. गावातले लोक कितीतरी वर्षं जुन्याच नावानं हाक मारत. आजा ओ द्यायचा नाही. समोर उभा असला तरी द्यायचा नाही. नाव छोटी गोष्ट आहे असं त्यालाच वाटतं, ज्याला दुसऱ्यानं फेकलेल्या नावाला कधी ओ द्यावी लागली नाही.

इंटरनेटचं डाटा-कार्ड खिडकीच्या गजाला बांधलं, रेंज आली आणि मी मेल पाठवला. 'नाव टाकत नाही. कारण वर दिलं आहे.'

शुक्रवारी दुसऱ्या एकानं नाव टाकलं. कोड गेला. माझ्या रजेच्या कागदासोबत एक ओळ आली, परतल्यावर टेस्टिंग विभाग. मी रडले, खोटं कशाला सांगू? पण मेल मागे घेतला नाही.

मुलगी सव्वा महिन्याची झाली तेव्हा सरांचा फोन आला. नशीब, यंत्र अजून कंपनीतच होतं, दवाखान्यात गेलं नव्हतं. ऑक्सिजन उतरला की वाजणारा अलार्म सर स्वतः लिहीत होते. काळजी म्हणून त्यांनी आधी 'चेक बफर'नं आकडा आलाय का ते पाहिलं आणि मग तो घ्यायला तेच पुन्हा वापरलं. निम्मे आकडे गायब. चाचणीत ऑक्सिजन उतरल्याचा आकडा नेमका गेलेल्यांत असला, की अलार्म गप्प. दोन दिवस शोधत होते. ज्या सगळ्यांना माहीत होतं, त्यांत पहिले तेच होते ना!

"तू म्हणालीस तसे दोन केलेत," सर म्हणाले. "बघून नाव टाक."

उघडून पाहिलं. दोन्ही फंक्शन बरोबर होती, नावंही मी सुचवलेलीच. खाली लिहिलं होतं, 'सूचना: टीम'.

मी उत्तर दिलं, 'कोड ठीक आहे. सूचना टीमची नव्हती. जिची होती तिचं नाव लिहा, मग मी माझं टाकते. आणि परत येऊन मी याच टीममध्ये बसणार आहे.'

आई म्हणाली, "आता पदरात पोर हाय, कायले वाकड्यात जाऊन राह्यली?" तिचंही चूक नव्हतं. दोन दिवस मी मेल उघडायला घाबरत होते.

तिसऱ्या दिवशी कोड परत आला. बाबांनी नातीला खांद्यावर घेतलं, चष्मा चढवला आणि इंग्रजी अक्षरं एकेक लावून सूचनेची ओळ वाचली. माझं नाव, त्यांचं नाव, आज्यानं निवडलेलं आडनाव.

"आपलंच हाय," म्हणाले. "दे मंग आता सही."

दिली. टीमबद्दल मात्र सरांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. रजा संपली त्या सोमवारी मी कुणालाही न विचारता माझ्या जुन्या खुर्चीवर जाऊन बसले. सर आले, पाहिलं, आणि तपासायला पुढचा कोड माझ्याकडे पाठवला.