फडकं पकडल्याशिवाय घरी नाही

चकली काल गेली.

आज रविवार. सवयीने उठलो आणि बूट घातले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: चकली म्हणजे आमची मुधोळ हाउंड कुत्री. नुसते पाय आणि बरगड्या. झोपली की गोल चकली.

बंगळुरूतल्या राजाजीनगरच्या आमच्या घरमालकीण अक्कांनी जमखंडीच्या भावाकडून आणलेली. मला म्हातारीला फरफटत नेती ही, तुम्हीच फिरवा, म्हणून आमच्या गळ्यात घातली.

सगळं ट्राय केलं.

बॉल टाकला. तिने बॉलकडे बघितलं, मग माझ्याकडे. तू टाकलास, तूच आण.

डॉग कॅफेत नेलं. पूर्ण वेळ टेबलाखाली उभी.

स्विमिंग? तो विषयच नको.

मग निखिलने, म्हणजे माझ्या नागपूरच्या रूममेटने, जुनी सायकल उलटी ठेवली. मागचा टायर काढला, रिमला लांबलचक दोरी, दोरीच्या टोकाला पांढरं फडकं. हाताने पेडल फिरवलं की दोरी रिमवर गुंडाळत येते आणि फडकं गवतातून सशासारखं पळतं.

सुपरहिट.

बोम्मसंद्र्याला त्याच्या कंपनीमागे कंपाउंडवालं रिकामं ग्राउंड आहे. दर रविवारी सकाळी तिथे. अख्खा होसूर रोड चकलीचं नाक खिडकीबाहेर.

पळताना तिचे चारही पाय हवेत असायचे. शप्पथ. स्लो-मो आहे माझ्याकडे.

नियम तिनेच केलेला. फडकं पकडल्याशिवाय घरी जायचं नाही. निखिल दमून म्हणायचा, बस न बे आता. ही गाडीत चढायचीच नाही. एकदा फडकं तोंडात आलं की स्वतःच जाऊन मागच्या सीटवर बसायची.

मग मागच्या पायाला हाडाचा कॅन्सर.

काल संध्याकाळी डॉक्टर शेवटचं इंजेक्शन द्यायला घरी येणार होते.

दुपारी निखिलने सायकल हॉलमध्ये आणली. त्याला एवढंच हवं होतं, जायच्या आधी तिने एकदा पकडावं.

तो हळू फिरवत होता. एकदम हळू. फडकं तिच्या नाकासमोरून सरकलं.

तिने मान फिरवली.

परत केलं. परत मान फिरवली.

अक्का दारात बसल्या होत्या. "काय रे बाळा, मेलेला ससा ओढतोयस व्हय? जोरात फिरव की."

"मग तिला पकडता नाही येणार ना, अक्का."

"न येऊ दे. दिसू तर दे."

निखिलने जोरात फिरवलं. फडकं हॉलभर उडालं, खुर्चीवर आपटलं, पुढे गेलं.

चकलीचे कान उभे.

मान वर. डोळे या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. पडल्या पडल्या पुढचे पाय चादरीवर चालायला लागले.

ती पळत होती यार.

मी फडकं परत मागे नेऊन ठेवायचो, निखिल परत ओढायचा. बेल वाजेपर्यंत.

बेल वाजली तेव्हा फडकं हॉलच्या त्या टोकाला होतं.

तिने ते पकडलं नाही.

आत्ता आम्ही दोघं बोम्मसंद्र्याच्या ग्राउंडवर आहोत. सायकल उलटी ठेवलीये. फडकं गवतात पडलंय. ऊन चढलंय. चल, निघू, असं कोणीच म्हणत नाहीये.

पळ गं चकली. सावकाश ये.

आम्ही आहोत इथेच.