पाटावरची वाळू

विसर्जनाला अनवाणी निघालो आणि पायांना आधी कळलं. पुळणीवर काहीच टोचत नव्हतं.

"भाऊ, बघा किनारा कसा लख्ख केलाय!" शेजारचा बबन म्हणाला. "ते काटेरी गवत सकाळीच उपटून टाकलं. बाप्पाला नेताना कुणाच्या पायात जायला नको."

ते गवत म्हणजे रावणमिशी. इथल्या वाळूच्या टेकड्या पूर्वी तिनेच धरून ठेवल्या होत्या. ती गेली, मग टेकड्या गेल्या, आता समुद्र माडांच्या मुळाशी आलाय. म्हणून आम्ही दोघातिघांनी लांबच्या किनाऱ्यावरून रोपं आणून आषाढात लावली होती. गेल्या वर्षीही लावली होती, तीही अशीच भक्तिभावाने उपटली गेली. तेव्हा सगळं समजावून सांगितलं, तर सर्वांत जास्त मान बबननेच डोलावली होती.

रागावायलाही अंगात त्राण लागतं. शिवाय दुसऱ्याच्या पायाची काळजी करणाऱ्या माणसाशी भांडायचं तरी कसं? मी "छान" म्हटलं आणि आरतीला टाळ्या वाजवू लागलो.

मूर्ती पाण्यात गेली. रिवाजाप्रमाणे रिकाम्या पाटावर किनाऱ्याची वाळू घेऊन घरी आलो. घरात टाकायला तिची मूठ भरली, तोच बोटात टचकन काहीतरी घुसलं. पाहिलं, तर रावणमिशीचा बोटभर तुकडा. पेराला पांढरं मूळ फुटलेलं.

आनंद वगैरे झाला नाही. दुखरं बोट तोंडात धरून मी दुसऱ्या हाताने रिकामी कुंडी शोधू लागलो.