दारातली सनई
चुलतभावाच्या मुलीच्या लग्नात कार्यालयाच्या दाराशी एक म्हातारे सनईवाले फेटा बांधून, सनई मांडीवर घेऊन गप्प बसले होते. आत डीजे दणाणत होता.

"वाजवत का नाही?" मी विचारलं.

"नुसतं बसा म्हणालेत. फोटोत बरं दिसतं म्हणे."

तेवढ्यात भाऊ आला. "सनई मुद्दाम ठेवलीय हं. आपली परंपरा आहे."

आमची परंपरा ही अशी. सूर नकोत, सूर काढणारा माणूस तेवढा हवा, फुलदाणीसारखा. नवरीच्या एंट्रीचं गाणं लांबलं म्हणून मंगलाष्टकंही दोनच उरकली, आणि त्याचं कुणाला काही वाटलं नाही.

जेवून निघालो, तेव्हा सनईवाले सनईची पत्ती ओठांत धरून ओली ठेवत होते. कुणी चुकून वाजवा म्हणालंच तर, म्हणून.